पैशाचे सोंग

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव एके काळी सातपुड्यातील एका लहान भिल्ल संस्थानाचे ठिकाण होते आणि तेथील राजवाडी होळी आजही नंदुरबार जिल्ह्यातील होळ्यांमध्ये मानाची समजली जाते. या होळीला कोणी बुध्या होतो, कोणी बावा, कोणी मोरखी. अंगावर राख आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप असा साज चढवून माणूस आपली रोजची ओळख काही दिवसांपुरती बाजूला ठेवतो. या साजाची किंमत रुपयांत काढू गेल्यास ती फारशी भरत नाही, कारण भोपळा कुडावर वाढतो, राख चुलीत मिळते आणि पैसे मोजावे लागतात ते मुख्यतः घुंगरांसाठी. खरी किंमत असते ती पाळणीची. सोंग घेणाऱ्याने त्या दिवसांत खाटेवर न बसता जमिनीवर झोपायचे, अंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचे असा तो नेम असतो आणि बहुधा नवस फेडण्यासाठी तो घेतलेला असतो. भूमिकेत शिरणे म्हणजे काहीतरी द्यावे लागणे, आणि जे द्यायचे ते पैशात असलेच पाहिजे असे नाही, ही समजूत या डोंगरात पूर्वापार आहे.

दुसऱ्याच एका खंडात जन्मलेल्या आणि गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेल्या एका खेळाबाबतही हाच किमतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. इंग्रजीत त्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात; येथे सोयीसाठी भूमिकाखेळ म्हणू. चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो, म्हणजे काल्पनिक प्रदेश, त्यातली माणसे, संकटे आणि हवामान यांची जबाबदारी तो घेतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र निवडतात, त्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी असे काही गुण आकड्यांत कागदावर मांडतात आणि मग त्या पात्राच्या तोंडून बोलत, त्याच्या जागी राहून निर्णय घेत गोष्ट पुढे नेतात. जेथे यशाची खात्री नसते तेथे फासे टाकले जातात. पट नाही, ठरलेला शेवट नाही आणि सर्वांना हरवून जिंकणारा कोणी एक नाही. गोष्ट सर्वांची मिळून घडते आणि ती कोठे जाईल हे सूत्रधारालाही पुरते ठाऊक नसते. काठीच्या बुध्याला खेळाडू म्हणणे त्याच्या श्रद्धेचा अवमान ठरेल, कारण नवस आणि करमणूक यांचे मूळ वेगळे आहे. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारता येतो, तो म्हणजे नव्याने आत येऊ पाहणाऱ्याकडून दारात काय मागितले जाते.

या खेळांतला पहिला आणि आजही सर्वांत प्रसिद्ध असलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका आणि किंमत दहा डॉलर. त्या वर्षी अमेरिकेत कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला दोन डॉलर होते, म्हणजे पाच तासांच्या मजुरीत खेळ हाती येत असे. मात्र खोके उघडल्यावर नवख्याला कळे की, लढाईचे नियम चेनमेल नावाच्या दुसऱ्या एका पुस्तिकेत आहेत असे या पुस्तिका गृहीत धरतात, रानावनातल्या प्रवासासाठी भलत्याच कंपनीच्या पटखेळाचा पट वापरायला सांगतात आणि चार, आठ, बारा, वीस पृष्ठभागांचे जे फासे मागतात ते साध्या दुकानात मिळतच नाहीत. गणित शिकवण्याच्या साधनांच्या विक्रेत्याकडून ते आणावे लागत. त्याहून मोठी अडचण अशी की, लेखन अशा लोकांसाठी होते ज्यांना युद्धखेळांची सवय आधीच होती. कोणीतरी जाणत्याने शेजारी बसून शिकवल्याखेरीज त्या पुस्तिकांतून खेळ उभा करणे फार अवघड होते आणि ही शिकवणी दहा डॉलरांत धरलेली नव्हती.

या खेळाच्या इतिहासात स्वस्ताईचा मार्ग दाखवणारी एक छोटी घटना आहे आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. 1977 मध्ये नवख्यांसाठी म्हणून एक प्राथमिक संच काढण्यात आला आणि त्यात फासेही होते; 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खेळ काढणाऱ्या कंपनीने खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या. त्या कात्रीने कापायच्या, पेल्यात टाकायच्या आणि न बघता एक उचलायची. त्यापूर्वीच, 1975 मध्ये, केन सेंट आंद्रे यांनी टनेल्स अँड ट्रोल्स हा असाच दुसरा खेळ रचला होता, ज्याला घरोघरी असणाऱ्या सहा बाजूंच्या साध्या फाशांपलीकडे काही लागत नाही. याचा अर्थ असा की, विचित्र आकारांचे चकचकीत फासे हा खेळाचा आत्मा नाही, हे खेळाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच सिद्ध झालेले होते, आणि तरीही आज नवख्याला प्रथम दाखवले जातात ते फासेच.

अलीकडचा भाव पाहावा. डंजन्स अँड ड्रॅगन्सची नवी आवृत्ती 2024 आणि 2025 मध्ये तीन जाड पुस्तकांत आली: एक खेळाडूंसाठी, एक सूत्रधारासाठी, एक राक्षस व प्राण्यांच्या माहितीचे. प्रत्येकाची छापील किंमत 49.99 डॉलर, म्हणजे तिन्ही मिळून दीडशे डॉलर. अमेरिकेतील संघीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर धरले तर एकवीस तासांच्या कामाची ही रक्कम होते. रुपयांत ती 2024-25 च्या विनिमयदराने साडेबारा हजारांच्या घरात जात होती आणि महाराष्ट्रात त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती, म्हणजे धडगावकडच्या एखाद्या मजुराला या तीन पुस्तकांसाठी सुमारे बेचाळीस दिवस माती खणावी लागली असती. परदेशातून येणाऱ्या छापील पुस्तकांवर 2019 च्या अर्थसंकल्पापासून पाच टक्के सीमाशुल्क आहे, ते आणि टपालखर्च वेगळे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या हिशेबापुढे शब्दशः खरी ठरते.

पण हा हिशेब चुकीच्या वस्तूचा आहे. तीन पुस्तके हा खेळ नाही. तो त्या खेळाचा व्यापार आहे. टेबलाभोवती बसलेल्या पाच जणांपैकी चौघांना एकही पुस्तक विकत घेण्याची गरज नसते, कारण नियम सूत्रधाराला ठाऊक असले की पुरते आणि खेळाडूला लागते ती एक पेन्सिल व वहीचे एक पान. सूत्रधारालाही लागणारे मूळ नियम आज मोफत आहेत आणि ते मोफत कसे झाले हे सांगण्याजोगे आहे. 2000 पासून या खेळाचा गाभा एका खुल्या परवान्याखाली इतरांना वापरता येत होता आणि त्यावर शेकडो लहान प्रकाशकांचे पोट चालत होते. जानेवारी 2023 मध्ये मालक कंपनीने हा परवाना बदलून अधिक जाचक अटी घालण्याचा घाट घातला तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी इतका तीव्र विरोध केला की कंपनीला माघार घ्यावी लागली आणि 27 जानेवारी 2023 रोजी तिने मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली खुला करून टाकला. हा परवाना असा की, मूळ कर्त्याचा उल्लेख केला म्हणजे तो मजकूर कोणीही छापावा, बदलावा, विकावा, दुसऱ्या भाषेत न्यावा. परवानगी मागायची नाही आणि एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. त्याच वर्षी कंपनीने हा मजकूर फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतही दिला. मराठीत कोणी तो आणायचा ठरवला तर कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

फाशांचा प्रश्न तर त्याहून सोपा आहे. वीस पृष्ठभागांच्या फाशाचे काम वीस चिठ्ठ्या आणि एक तांब्या करू शकतो. समजा, सूत्रधाराने गोष्ट तोरणमाळच्या सातपायरी घाटात नेली आहे. मोहफुलांची पाटी डोक्यावर घेतलेली एक मुलगी पहाटेच्या अंधारात उतरते आहे आणि पुढच्या वळणावर अस्वलाची चाहूल लागते. ती भूमिका घेतलेली खेळाडू म्हणते, पाटी न सांडता दगडाआड सरकते. सूत्रधार विचार करतो की वाट अरुंद आहे, पायाखाली पाचोळा आहे, तेव्हा तेरा किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच आवाज होणार नाही. तेरापासून वीसपर्यंत आठ चिठ्ठ्या असतात, म्हणजे विसात आठ, शंभरात चाळीस. परंतु मुलगी चपळ आहे असे तिच्या कागदावर आधीच लिहिलेले असल्याने आलेल्या आकड्यात दोन मिळवायचे, म्हणून आता अकराची चिठ्ठीही चालते आणि संधी शंभरात पन्नास होते. चिठ्ठी काढली, अकरा निघाले, ती वाचली. चिठ्ठी घडी करून पुन्हा तांब्यात टाकायची, नाहीतर पुढच्या खेपेचे प्रमाण बिघडेल. दहाच चिठ्ठ्या असल्या तर सोबत नाणे उडवून काटा आल्यास दहा मिळवावेत, तरी वीस पूर्ण होतात. महाराष्ट्रातल्या जुन्या पटखेळांत कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकत, त्यांचे गणित निराळे आहे: चार फोडींपैकी दोन पांढऱ्या पडण्याची शक्यता सोळात सहा आणि चारही पांढऱ्या पडण्याची सोळात एक, म्हणजे मधले फळ वारंवार आणि टोकाचे क्वचित. कित्येक भूमिकाखेळ एकाहून अधिक फाशांची बेरीज घेतात ती याच गुणासाठी. नवख्या मुलांना हे गणित खेळता खेळता हाताला लागते, आणि शाळेतल्या संभाव्यतेच्या धड्याला एवढा जिवंत दाखला क्वचितच मिळत असेल.

वस्तूंची किंमत अशी जवळजवळ शून्यावर येऊ शकते. मग उरते ती न दिसणारी किंमत, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तीच भारी आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोक राहतात, त्यांतले सुमारे सत्तर टक्के अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरतेचे प्रमाण 64 टक्क्यांच्या आसपास होते. अक्राणीतल्या पाड्यावरचे मूल घरी पावरी, भिली किंवा नोयरी बोलते, नवापूरकडचे मावची किंवा कोकणी; शाळेत गेल्यावर मराठी ही त्याची दुसरी भाषा होते आणि इंग्रजी तिसरी. चारशे पानांचा इंग्रजी मजकूर मोफत मिळाला म्हणजे त्याला तो स्वस्त पडला असे कसे म्हणावे? ज्या खेळात सगळा व्यवहार बोलण्याचा आहे, पात्राच्या तोंडून रागवायचे, विनवायचे, फसवायचे, धीर द्यायचा आहे, तो परक्या भाषेत खेळायला लावणे म्हणजे मुलाला आधी मुके करून मग सोंग आणायला सांगणे आहे. मुंबई-पुण्यातील इंग्रजी शिकलेल्या तरुणांना ही किंमत जाणवत नाही, कारण ती त्यांच्या आईवडिलांनी शाळेच्या फीमधून पूर्वीच भरलेली असते.

दुसरी किंमत वेळेची. भूमिकाखेळाची मोठी गोष्ट महिनोन् महिने चालते, आठवड्याला तीन-चार तास तेच पाच-सहा जण जमतात आणि मागच्या खेपेला जेथे थांबले तेथून पुढे जातात. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला गुजरातेत आणि राज्याच्या दुसऱ्या भागांत निघून जातात व होळीला परततात. मुले कधी सोबत जातात, कधी मागे आजी-आजोबांकडे राहतात. अशा घरातल्या मुलाला दर आठवड्याची बैठक मागणे म्हणजे नसलेली स्थिरता मागणे होय. त्याच्यासाठी एका रात्रीत सुरू होऊन त्याच रात्री संपणारी गोष्ट हवी, आणि असे खेळही आहेत. जॉन हार्पर यांचा 2013 चा लेझर्स अँड फीलिंग्ज हा खेळ एका पानात मावतो. त्यात पात्राचा एकच आकडा असतो, दोन ते पाच यांमधला, आणि काम तर्काचे असेल तर फासा त्या आकड्याखाली, भावनेचे असेल तर त्यावर पडावा लागतो. एवढ्या नियमांवर संपूर्ण संध्याकाळ निघते. उलट निवासी आश्रमशाळांत अशी मुले आहेत की जी वर्षाचे कित्येक महिने एकाच छताखाली राहतात आणि ज्यांच्या संध्याकाळी अभ्यास व जेवण यांच्या मध्ये बराच वेळ मोकळा जातो. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्पांखाली अशा शाळा जिल्हाभर आहेत. महिनोन् महिने चालणारी गोष्ट रुजायची तर या जिल्ह्यात तिची जागा तेथेच आहे. वीज गेली तरी तिचे काही अडत नाही आणि मोबाइलची रेंज तर तिला लागतच नाही.

तिसरी किंमत अधिक गंभीर आहे आणि भाषांतर करू पाहणाऱ्याने ती आधी मोजली पाहिजे. या खेळांचा मूळ साठा युरोपीय लोककथांतला आहे आणि त्यात चेटकीण हे मारण्याजोगे सावज असते. नंदुरबार जिल्ह्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याच्या, गावाबाहेर घालवण्याच्या घटना घडत आल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्याविरुद्ध येथे अनेक वर्षे काम करत आहेत आणि राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा ठिकाणी राक्षसांच्या यादीचे जसेच्या तसे मराठी करून त्यात डाकीण मारल्याबद्दल पात्राला बक्षीस देणे हा निष्काळजीपणा नव्हे, अपराध ठरेल. उलट बाजूही आहे: अस्तंब्याचा डोंगर, जेथे दिवाळीच्या सुमारास हजारो माणसे अश्वत्थाम्याच्या नावाने रात्र-रात्र चढून जातात, किंवा याहामोगी देवी, ही दुसऱ्यांची श्रद्धास्थाने आहेत, बाहेरच्या लेखकाने त्यांना खेळाचा मसाला समजून उचलावे हे योग्य नाही. काय खेळात घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या श्रद्धेत वाढलेल्यांचा आहे. अस्वल, पूर, हरवलेली गुरे, जंगलखात्याचा नाका, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यातून होडीने पलीकडे न्यायचा आजारी माणूस, एवढ्यावरही कितीतरी रात्री खेळता येईल आणि त्यातल्या प्रत्येक संकटाशी कसे वागायचे याविषयी टेबलाभोवतीच्या मुलांना सूत्रधारापेक्षा जास्त माहिती असेल.

शेवटची किंमत सूत्रधाराची आहे आणि ती कोणत्याही परवान्याने माफ होत नाही. पाच जणांच्या बैठकीत चौघे फुकट खेळतात, कारण पाचवा तयारी करतो, नियम वाचतो, ऐकतो, प्रत्येकाला बोलण्याची पाळी येईल हे पाहतो आणि लाजऱ्याला हळूच पुढे आणतो. अशी माणसे या जिल्ह्याला परकी नाहीत. नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात रात्रभर चालणाऱ्या सोंगाड्या पार्ट्यांत, जेथे पुरुष स्त्रीची भूमिका घेऊन नाचतात, गातात, प्रसंग रंगवतात, तेथे समोरच्या लोकांचा नूर पाहून गोष्ट वळवण्याचे कसब पिढ्यान् पिढ्या जोपासले गेले आहे, आणि प्रेक्षकाच्या एका शब्दावर नवा प्रसंग उभा करू शकणारा सोंगाड्या हा कुठल्याही पुस्तकाआधी तयार झालेला सूत्रधार आहे. त्याला चारशे पानांची गरज नाही. त्याला हवी आहेत ती वीस पाने: चिठ्ठी केव्हा काढायची, पात्राचे गुण कसे मांडायचे, जखम आणि थकवा कसा मोजायचा आणि खेळाडूने अनपेक्षित काही केले तर निर्णय कोणी द्यायचा. मराठीत आणायला सुरुवात करायची तर याच वीस पानांपासून करावी, मोठ्या अक्षरांत, छायाप्रत काढता येईल अशा साध्या मांडणीत, आणि ती पूर्ण होताच एखाद्या पावरी किंवा मावची बोलणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्यावी, म्हणजे तो ती वर्गात वाचून न दाखवता आपल्या बोलीत सांगेल. शस्त्रांचे तक्ते, मंत्रांच्या याद्या आणि राक्षसांचे पुस्तक यांचे काय करायचे हे त्या वर्गातली मुले वर्षभर खेळल्यानंतर ठरवता येईल.